अभ्यासक्रम आधी आपल्या लॅपटॉपवर

(ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करू इच्छिणारे शिक्षक आणि कार्यकर्ते यांच्यासाठी बीड येथे घेतलेल्या कार्यशाळेतील भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला दिलेला विषय ऐकायला रुक्ष आहे : ऑनलाइन अभ्यासक्रम बनवण्यासाठी आपल्याच लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन कशी उभी करायची. मी माजलगाव तालुक्यातली. पदवी संगणक अभियांत्रिकीची, नोकरी पुण्यात, आणि रोजचा संबंध सर्व्हरशी. त्यामुळे हा विषय माझ्या पोटापाण्याचा आहे. तुमच्यासाठी तो वेगळ्या कारणाने महत्त्वाचा आहे, म्हणून त्या कारणापासूनच सुरुवात करते.

तुम्ही तीन अभ्यासक्रम ठरवले आहेत : माहितीचा अधिकार, शिष्यवृत्तीचे अर्ज, आणि दहावीनंतरची गणिताची उजळणी. तिन्ही मराठीत आणि उर्दूत. आता हे शिकणार कोण? जिची शाळा दहावीला थांबली आणि जिला रात्री जेवणं झाल्यावर भावाचा मोबाइल अर्धा तास मिळतो, ती मुलगी. ज्याचे आईबाप दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात आणि उन्हाळा लागता लागता परततात, तो मुलगा. मग तो फडावरच्या कोपीत असो की गावातल्या हंगामी वसतिगृहात. एकच जुना लॅपटॉप आणि तीस मुले सांभाळणारे एखादे गुरुजी.

या शिकणाऱ्यांना दुसरी संधी फार क्वचित मिळते. पुण्यात बसलेल्या माणसाचे पान उघडले नाही तर तो पाच मिनिटांनी पुन्हा बघतो. इथे पान उघडले नाही, अक्षरांच्या जागी चौकोन दिसले, बरोबर उत्तराला ‘चूक’ म्हटले, की मोबाइल भावाला परत जातो आणि ती मुलगी म्हणते, हे आपल्याला जमायचे नाही. चूक अभ्यासक्रमाची असते, दोष ती स्वतःला देते. म्हणून आजच्या भाषणाचा सारांश एका वाक्यात सांगते : अभ्यासक्रमात जे काही बिघडायचे आहे ते आधी आपल्या लॅपटॉपवर बिघडू द्या, तिच्या हातात नको. व्हर्च्युअल मशीन लागते ती त्यासाठी.

संगणकाच्या पोटात दुसरा संगणक

व्हर्च्युअल मशीन म्हणजे एका संगणकाच्या आत चालणारा दुसरा, पूर्णपणे वेगळा संगणक. तुमच्या लॅपटॉपवर विंडोज आहे. त्यावर व्हर्च्युअलबॉक्ससारखे एक सॉफ्टवेअर टाकायचे. ते लॅपटॉपच्या मेमरीतला, प्रोसेसरमधला आणि डिस्कमधला थोडा थोडा हिस्सा बाजूला काढते आणि त्या हिश्शाला वाटते की आपण स्वतंत्र यंत्र आहोत. घराचे वाटे पडतात तसे समजा : छप्पर एक, भिंती त्याच, पण चूल वेगळी आणि कुलूपही वेगळे. आतल्या संगणकावर लिनक्स टाकले, काही बिघडवले, सगळे पुसले, तरी बाहेरच्या विंडोजला त्याचा पत्ता लागत नाही. आतल्या संगणकाची आख्खी डिस्क ही बाहेरच्या संगणकाच्या दृष्टीने एक मोठी फाइल असते. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचाच मोठा उपयोग आहे.

ही कल्पना जन्मली ती टंचाईतून. १९६० च्या दशकात संगणक खोलीएवढे होते आणि किमती डोळे पांढरे करणाऱ्या. एका यंत्रावर अनेकांना काम करायचे होते आणि प्रत्येकाला यंत्र आपल्या एकट्याचे असावे असे वाटायचे. आयबीएमच्या अभियंत्यांनी त्यावर तोडगा काढला आणि १९७२ मध्ये तो व्हीएम-३७० या नावाने बाजारात आणला. १९९९ मध्ये व्हीएमवेअरने ही सोय साध्या घरगुती संगणकावर आणली, आणि २००७ मध्ये व्हर्च्युअलबॉक्सची मुक्त आवृत्ती आली. ते आज कुणीही फुकट वापरू शकते. कमी साधनांत अनेकांनी काम करायचे, हा त्याचा मूळ उद्देश आणि आपली गरज एकच आहे.

टँकर आणि विहीर

कुणी विचारेल, एवढा खटाटोप कशाला? दीक्षा आहे, स्वयम आहे, यूट्यूब आहे, व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे. सगळे आहे आणि सगळे वापरावे. केंद्र सरकारचे स्वयम २०१७ मध्ये सुरू झाले, त्यावर चांगले अभ्यासक्रम आहेत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मराठीतही मिळतात. पण तिथे आपण शिकणारे आहोत. तिथले पान बदलायचे, प्रश्न आपल्या तालुक्याच्या उदाहरणाने विचारायचा, उर्दू मजकूर नीट लावायचा, तर ते आपल्या हातात नाही.

टाळेबंदीत आपल्याकडच्या काही शिक्षकांनी एका फुकट मिळालेल्या व्यासपीठावर महिनोन्महिने प्रश्नसंच भरले. मग ती सेवा बंद झाली आणि प्रश्नही गेले, कारण ते बाहेर काढून घेण्याची सोयच नव्हती. बीडच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. टँकर आला की पाणी, नाही आला तर वाट बघा. आपल्याला स्वतःची विहीर हवी, लहान असली तरी चालेल.

अशी विहीर खणण्याचे सामान मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात तयार आहे. हार्वर्ड आणि एमआयटी यांनी २०१२ मध्ये उभारलेल्या एडेक्सने आपला कोड २०१३ मध्ये खुला केला, त्याला ओपन एडेक्स म्हणतात. आयआयटी मुंबईने आपले आयआयटीबॉम्बेएक्स त्याच कोडवर उभारले. जॉर्डनच्या राणी रानिया यांच्या प्रतिष्ठानाने त्याच कोडवर इद्राक नावाचे अरबी व्यासपीठ काढले. त्यासाठी उजवीकडून डावीकडे चालणारी लिपी त्यात नीट बसवावी लागली. उर्दूत काम करणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे : कोड खुला असला की आपल्या लिपीसाठी कुणाच्या मेहेरबानीची वाट पाहावी लागत नाही.

दुसरे सामान म्हणजे मूडल. ते मार्टिन डुगियामास यांनी बनवले आणि त्याची पहिली आवृत्ती २००२ मध्ये आली. हे गृहस्थ लहानपणी पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात राहत होते. शाळा इतकी दूर की धडे रेडिओवरून यायचे. शाळेपासून दूर असणे म्हणजे काय हे ज्याला ठाऊक होते त्यानेच ते लिहिले आहे.

या दोहोंत मी आज तुम्हाला मूडल सुचवते, आणि कारण साधे आहे. ओपन एडेक्स आता ट्यूटर नावाच्या साधनाने बसवतात. त्याला किमान ४ जीबी मेमरी लागते आणि ८ जीबी असावी अशी शिफारस आहे. तुमच्यापैकी बहुतेकांच्या लॅपटॉपची एकूण मेमरीच ८ जीबी आहे. मूडल त्याच्या निम्म्यात आरामात चालते. मोठ्या शिकणाऱ्या समूहाची वेळ आली की ओपन एडेक्सचा विचार करू.

उभारणी

आता कामाचे बोलू. दुपारच्या सत्रात आपण हे प्रत्यक्ष करणार आहोत, म्हणून इथे फक्त टप्पे आणि अडखळण्याच्या जागा सांगते.

पहिला टप्पा लॅपटॉपचा. प्रोसेसरमध्ये व्हर्च्युअल मशीनसाठीची सोय असते, पण अनेक लॅपटॉपवर ती बायोसमध्ये बंद असते. लॅपटॉप पुन्हा सुरू करताना एफ-२, एफ-१० किंवा डिलीट दाबून बायोस उघडते. कोणती कळ ते कंपनीवर अवलंबून. तिथे इंटेल असेल तर व्हीटी-एक्स, एएमडी असेल तर एसव्हीएम या नावाचा पर्याय चालू करायचा. मशीन सुरूच होत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांनी सगळ्यात आधी हे बघावे.

दुसरा टप्पा व्हर्च्युअलबॉक्सचा. मूळ पॅकेज पुरेसे आहे. सोबत मिळणाऱ्या एक्स्टेन्शन पॅकचा परवाना वेगळा आहे आणि आपल्याला त्याची गरज नाही, तो घेऊ नका. नवी मशीन बनवताना ८ जीबीच्या लॅपटॉपवर तिला ३ जीबी मेमरी, २ प्रोसेसर आणि ३० जीबी डिस्क द्या. डिस्क ‘लागेल तशी वाढणारी’ निवडा, म्हणजे पहिल्याच दिवशी ३० जीबी अडकत नाहीत. मोह होईल, पण मशीनला ६ जीबी देऊ नका. बाहेरचे विंडोज गुदमरले की आतलेही गुदमरते.

तिसरा टप्पा आतल्या संगणकाचा. त्यावर उबुंटू सर्व्हर २४.०४ टाका. तो दीर्घ मुदतीचा आहे, म्हणजे सुरक्षा-दुरुस्त्या पाच वर्षे मिळतात. त्यात चित्रांचा पडदा नसतो, नुसत्या अक्षरांचा काळा पडदा दिसतो. घाबरू नका, तिथे आपण जेमतेम पंधरा-वीस ओळी टाइप करणार आहोत. मग अपाची, मारियाडीबी, पीएचपी आणि शेवटी मूडलची ४.५ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती.

अडखळण्याच्या तीन जागा इथे आहेत. एक, पीएचपी सुरुवातीला फक्त २ एमबीपर्यंतची फाइल वर चढवू देते. तुमचा पहिला ध्वनिपाठ चढला नाही तर दोष मूडलचा नाही, ती मर्यादा वाढवा. दोन, मूडलची काही कामे ठरावीक वेळाने मागून चालतात, त्याला क्रॉन म्हणतात. ते दर मिनिटाला चालू ठेवले नाही तर सूचना आणि नोंदी अडकून पडतात. तीन, मूडल आपला पत्ता एका फाइलमध्ये लिहून ठेवते. आज लॅपटॉपचा पत्ता एक, उद्या दुसऱ्या वायफायवर तो बदलला, की साइट उघडत नाही आणि माणूस सगळे पुन्हा बसवायला घेतो. पुन्हा बसवू नका. ती एक ओळ बदला.

साइट चालू झाली की तिथेच थांबून स्नॅपशॉट घ्या. मशीनची त्या क्षणाची अवस्था व्हर्च्युअलबॉक्स जपून ठेवते. उद्या एखादे प्लगइन टाकले आणि सगळे कोसळले, तर एका मिनिटात आजच्या अवस्थेत परत येता येते. मुलींना मी मुद्दाम सांगते, ज्या वस्तूला हात लावायला आजवर ‘बिघडेल, राहू दे’ असे ऐकवले गेले, ती वस्तू इथे हवी तितकी बिघडवा. बिघडवल्याशिवाय कुणीही अभियंता झालेला नाही.

मात्र स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो त्याच डिस्कवर असतो. लॅपटॉप गेला की तोही गेला. आणि वीज गेली, बॅटरी संपली, मशीन अर्ध्यात बंद पडली तर डेटाबेस खराब होऊ शकतो. म्हणून उठताना मशीन नीट बंद करा किंवा ‘स्थिती जपा’ हा पर्याय वापरा.

अभ्यासक्रम तपासायचा कसा

मशीन उभी राहिली म्हणजे काम सुरू झाले, संपले नाही. तुमच्या माहिती अधिकाराच्या अभ्यासक्रमातला एक प्रश्न घेऊ : जनमाहिती अधिकाऱ्याने किती दिवसांत उत्तर द्यायचे? २००५ च्या कायद्याप्रमाणे ३० दिवसांत. समजा टाइप करणाऱ्याच्या हातून बरोबर उत्तर म्हणून ४५ पडले. शिकणारा ४५ दिवस वाट बघेल. उत्तर आले नाही तर पहिले अपील मुदत संपल्यापासून ३० दिवसांत करायचे असते; त्यातले १५ दिवस आपल्या चुकीने गेले. वर्गात शिक्षक चुकला तर एखादा विद्यार्थी हात वर करतो. ऑनलाइन प्रश्नापुढे हात वर करता येत नाही, म्हणून तपासणी आपण करायची.

त्यासाठी मशीनमध्ये खोटे विद्यार्थी तयार करा : विद्यार्थी १, विद्यार्थी २, असे दहा. एकाने सगळी उत्तरे बरोबर द्यायची, एकाने सगळी चूक, एकाने अर्ध्यात सोडून जायचे आणि दुसऱ्या दिवशी परत यायचे. चूक उत्तरानंतर पडद्यावर काय दिसते ते वाचा. नुसते ‘चूक’ दिसत असेल तर तो प्रश्न अपुरा आहे. ‘मुदत ३० दिवसांची आहे, जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांची’ असे दिसले, तर चुकणाराही काही शिकून जातो.

हाच प्रश्न रिकाम्या जागेत लिहायचा ठेवला तर गंमत बघा. एक मुलगी देवनागरी अंकांत ३० लिहील, दुसरी इंग्रजी अंकांत, तिसरी उर्दू अंकांत, चौथी अक्षरात ‘तीस’, पाचवी ‘तीस दिवस’. तुम्ही एकच रूप बरोबर म्हणून भरले असेल तर बाकी चौघींना मूडल शून्य गुण देईल. माझ्या मते आपल्या भागात ऑनलाइन चाचण्यांवर जो राग आहे त्यातला बराचसा अशा शून्यांचा आहे. सगळी रूपे भरा किंवा पर्याय निवडायचा प्रश्न ठेवा.

मग लिपीचा प्रश्न. तुमच्याकडचे जुने प्रश्नसंच श्री-लिपीत टाइप केलेले आहेत आणि उर्दूचे जुन्या इनपेजमध्ये. ते कागदावर सुंदर छापले जातात, पण उचलून वेबपानावर टाकले की अक्षरांचा चिवडा होतो, कारण ते युनिकोडमध्ये नाहीत. आधी रूपांतर करा आणि रूपांतर झाल्यावर माणसाने वाचून काढा. जोडाक्षरे आणि रफार हमखास तिथे तुटतात. उर्दूसाठी नस्तालिक टंक वापरणार असाल तर ओळींतले अंतर वाढवा. नस्तालिकची अक्षरे तिरपी उतरतात, ठरलेल्या उंचीच्या बटणात ती वरून किंवा खालून कापली जातात. मूडलचे मराठी आणि उर्दू भाषासंच उपलब्ध आहेत. मशीनमध्ये दोन्ही घाला आणि प्रत्येक पान दोन्ही भाषांत उघडून बघा. ज्या बटणावर अजून इंग्रजीच दिसते त्याचा शब्द तुम्ही स्वतः बदलू शकता. ‘सबमिट’ ठेवायचे की ‘उत्तर पाठवा’, हे ठरवणारे आता तुम्ही आहात.

त्यानंतर वजन. पाच मिनिटांचा व्हिडिओ सेकंदाला ४ मेगाबिट या वेगाने साठवला तर १५० एमबी होतो. ४०० किलोबिटने साठवला तर १५ एमबी. नुसता आवाज ३२ किलोबिटने ठेवला तर सव्वा एमबीच्या आत. गणित शिकवताना फळा दिसायला हवा, तिथे १५ एमबी खर्च करा. अपील कसे लिहायचे हे आवाज आणि दोन चित्रे यांत समजते, तिथे गुरुजींचा चेहरा दाखवायला दीडशे एमबी घालवू नका. तो डेटा कुणाच्या तरी रोजच्या पॅकमधून जाणार आहे.

आणि हे सगळे लॅपटॉपच्या मोठ्या पडद्यावर तपासून समाधान मानू नका. लॅपटॉप आणि मोबाइल एकाच वायफायवर आणा, लॅपटॉपचा पत्ता मूडलच्या त्या ओळीत लिहा, विंडोजच्या फायरवॉलमध्ये त्या पोर्टला वाट करून द्या, आणि साइट मोबाइलवर उघडा. कोणत्या मोबाइलवर? घरातल्या सगळ्यात जुन्या, काच तडकलेल्या मोबाइलवर. क्रोममध्ये इंटरनेटचा वेग मुद्दाम मंद करून बघण्याची सोय आहे, तीही वापरा. तिथे जे चालले ते फडावरही चालेल अशी आशा धरता येते.

मुलींचे नंबर

आता एक गोष्ट जरा गंभीरपणे सांगते. अभ्यासक्रम सुरू झाला की खऱ्या साइटवर मुलींची नावे, गावे, मोबाइल नंबर जमा होतील. मग कुणीतरी सोयीसाठी म्हणेल, खरी साइट जशीच्या तशी लॅपटॉपवर उतरवू आणि त्यावर प्रयोग करू. हे करायचे नाही. लॅपटॉप हरवतो, दुरुस्तीला जातो, घरातला दुसरा माणूस उघडतो. एका मुलीचा नंबर भलत्या हातात गेला तर आपल्याकडे काय होते हे इथे बसलेल्या प्रत्येकीला माहीत आहे : त्रास देणारा मोकळा राहतो आणि शिकणे तिचे बंद होते. देशाच्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागितली आहे.

मूडलमध्ये अभ्यासक्रमाचा बॅकअप घेताना ‘नोंदणी केलेले वापरकर्ते’ हा पर्याय काढून टाकता येतो. तो काढा. लॅपटॉपवर फक्त धडे आणि प्रश्न उतरतात, माणसे नाहीत. आणि मूडलच्या फाइलमध्ये अशी एक ओळ घालता येते की या साइटने कधीही मेल पाठवू नये. ती पहिल्याच दिवशी घाला. नाहीतर तुमच्या चाचणीच्या गडबडीत ‘तुम्ही नापास झालात’ असा मेल एखाद्या खऱ्या मुलीला जायचा.

एकाने उतरवायचे, सगळ्यांनी वापरायचे

अभ्यासक्रम मशीनमध्ये तावूनसुलाखून झाला की त्याचा बॅकअप एका फाइलमध्ये निघतो. ती फाइल खऱ्या सर्व्हरवर नेऊन उघडली की अभ्यासक्रम तिथे उभा राहतो. म्हणजे बनवायचे इथे, तपासायचे इथे, आणि शिकणाऱ्यांपर्यंत जाईल ते पक्के झालेले. ती फाइल तुमच्या मालकीची आहे. सर्व्हर देणारा उद्या बदलला तरी अभ्यासक्रम तुमच्यासोबत जातो.

आणि मघाशी म्हटले ते आठवा : आख्खी मशीन ही एक फाइलच आहे. व्हर्च्युअलबॉक्स ती ओव्हीए नावाच्या एकाच फाइलमध्ये बांधून देते. म्हणून आज प्रत्येकाने सगळे डाउनलोड करण्याची गरज नाही. बीडमध्ये ज्याच्याकडे चांगले इंटरनेट आहे त्याने एकदा मशीन उभी करावी आणि ती फाइल पेन ड्राइव्हवरून केज, धारूर, आष्टी, शिरूर कासार, वडवणीपर्यंत पोहोचवावी. तिकडच्या कार्यकर्त्याने ती उघडली की तीच मशीन, तेच मूडल, तेच दहा खोटे विद्यार्थी. तिला इंटरनेट लागत नाही. एक अडचण हमखास येईल : पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तो घेतच नाही आणि लोक समजतात पेन ड्राइव्ह खराब आहे. तो एक्सफॅटने फॉरमॅट करा.

वसतिगृहातल्या गुरुजींसाठी तर ही मशीनच शाळा होऊ शकते. त्यांचा लॅपटॉप, एक स्वस्त राउटर आणि मुलांच्या हातात आलटून पालटून दोन-तीन मोबाइल. गावात रेंज नसली तरी धडा उघडतो. मात्र तिथे मुलांची नोंद ठेवायची असेल तर लॅपटॉपला पासवर्ड हवा आणि हंगाम संपल्यावर त्या नोंदी पुसायला हव्यात.

तुमच्यातले काही तरुण विचारतील, आता सगळे डॉकर वापरतात, मग ही जुनी पद्धत का? प्रश्न रास्त आहे. ओपन एडेक्सवाल्यांनीही आधी व्हर्च्युअलबॉक्सवर चालणारी मशीन दिली होती आणि पुढे ते डॉकरकडे गेले. डॉकर हलके आहे, पण विंडोजवर त्याच्या खालीही एक छोटी व्हर्च्युअल मशीनच चालते. शिकण्याच्या पहिल्या पायरीवर जे डोळ्यांना दिसते, बंद-चालू करता येते आणि उचलून दुसऱ्याला देता येते, ते बरे. डॉकर पुढच्या वर्षी शिकवू, आणि तेव्हा शिकवणारे तुमच्यातलेच असावेत.

आपल्या जिल्ह्यातल्या मुलांनी संगणक शिकायचा म्हणजे शिकून पुण्याला जायचे, असे समीकरण झाले आहे. मीही गेले, त्याबद्दल तक्रार नाही. पण अभ्यासक्रम बनवण्याचे काम बीडमध्ये बसून होऊ शकते, आणि ते इथेच जास्त चांगले होईल, कारण अर्ध्या तासाच्या मोबाइलची किंमत इथल्या माणसाला कळते.

दुपारच्या सत्राआधी तीन-तीनचे गट करा. प्रत्येक गटात एक शिक्षक, एक संगणक जाणणारा आणि एक अशी व्यक्ती जिच्यासाठी हा अभ्यासक्रम आहे. तिसरी व्यक्ती नसेल तर गट पूर्ण समजू नका. संध्याकाळपर्यंत प्रत्येक गटाची मशीन चालू झाली पाहिजे आणि तिच्यात एक धडा आणि पाच प्रश्न असले पाहिजेत. मग गटांनी लॅपटॉप अदलाबदल करायचे आणि दुसऱ्याच्या अभ्यासक्रमातल्या चुका शोधायच्या. ज्या गटाच्या सगळ्यात जास्त चुका आज सापडतील, त्या गटाचा अभ्यासक्रम सगळ्यात लवकर मुलींपर्यंत जायला तयार होईल.

चला, लॅपटॉप उघडा. आधी बायोस बघू.